सराव कशाचा, ते आधी ठरवा

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर बंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या सोसायट्यांमध्ये नेमबाजीची चर्चा नव्याने सुरू झाली. मनू भाकरने दोन कांस्यपदकं घेतली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल प्रकारात कांस्य आणलं, आणि आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या अनेक मराठी आईबापांनी मुलांना एअर पिस्तूल शिकायला घातलं. फार चांगलं झालं. त्यातली काही मुलं आता दहा मीटरची पायरी ओलांडून .22 बोअरच्या पिस्तुलाच्या उंबरठ्यावर उभी आहेत आणि नेमक्या याच वेळी त्यांच्या पालकांना एक सल्ला मिळू लागला आहे. हा लेख त्या सल्ल्याच्या विरोधात आहे.

सल्ला देणारे आमचे एक स्नेही आहेत. अमेरिकेत उमेदीची वर्षं काढून ते सर्जापूर रस्त्याला स्थायिक झाले. तिकडच्या रेंजवर त्यांनी भरपूर नेमबाजी केलेली आहे आणि मुलांना शिकवायची त्यांना मनापासून हौस आहे. त्यांचं म्हणणं असं : .22 चं पहिलं पिस्तूल घ्यायचं ते कोल्ट 1911 च्या घडणीचं घ्यावं. तोच आकार, तीच मूठ, तीच स्लाइड, तोच सेफ्टीचा खटका. फक्त काडतूस लहान आणि स्वस्त. हाताला खऱ्या पिस्तुलाची सवय होते, जड ट्रिगरवर शिकलेल्या बोटाला पुढे सगळं सोपं जातं, आणि शंभर वर्षांहून जुना वारसा हातात आला की मुलगा खेळात रमतो. स्पर्धेची पिस्तुलं त्यांना यंत्रासारखी, कोरडी वाटतात. ती नंतर घेता येतील, असं ते सांगतात.

त्यांचा अनुभव खरा आहे आणि हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. सल्ला मात्र चुकीचा आहे. तो ऐकून लोक पैसा, परवान्यावरची जागा आणि मुलांची मोलाची वर्षं खर्च करायला निघाले आहेत, म्हणून त्याचा प्रतिवाद चारचौघांत व्हायला हवा.

आधी या कल्पनेचा जन्म पाहू. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेलं हे .45 चं पिस्तूल अमेरिकी सैन्याने 1911 मध्ये स्वीकारलं, आणि 1985 मध्ये बेरेटाची निवड होईपर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल होतं. त्याची गोळी सुमारे 15 ग्रॅमची. .22 लाँग रायफलची नेहमीची गोळी जेमतेम 2.6 ग्रॅमची. महामंदीच्या काळात, 1931 मध्ये, कोल्टने याच सांगाड्यावर .22 चं ‘एस’ नावाचं पिस्तूल काढलं. ज्याच्या कमरेला .45 आहे आणि ज्याला उद्या तेच चालवायचं आहे, त्याला स्वस्त काडतुसांवर हात घासता यावा, एवढाच त्यामागचा हिशेब होता. हिशेब अगदी चोख होता, कारण थोरलं पिस्तूल खरोखर त्या माणसाजवळ होतं.

तरीही ते पुरलं नाही. आकार तोच, पण धक्का कुठे आहे, अशी तक्रार होती. मग डेव्हिड मार्शल विल्यम्स यांनी ‘फ्लोटिंग चेंबर’ शोधून काढलं. काडतूस ज्या घरात बसतं ते घरच वायूच्या दाबाने मागे सरकायचं आणि स्लाइडला जोरात ढकलायचं, त्यामुळे हाताला .45 च्या जवळपास जाणारा धक्का बसायचा. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते ‘सर्व्हिस एस’ या नावाने बाजारात आलं. ज्या कारखान्याने मूळ पिस्तूल घडवलं, त्यालाच कळून चुकलं होतं की नुसती शकल जुळवून सराव होत नाही. शकलीमागचं वागणंही जुळावं लागतं. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक .22 प्रतिकृतींत हे फ्लोटिंग चेंबर नाही. त्या साध्या ब्लोबॅक आहेत. लहान काडतुसाच्या जोराने पोलादाची जड स्लाइड मागे जात नाही, म्हणून अनेक प्रतिकृतींत ती ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची केलेली असते. धक्क्याचा अंदाज गोळीचं वजन आणि वेग यांच्या गुणाकारावरून करता येतो, आणि तो मूळच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका भरतो. म्हणजे ‘हाताला खऱ्याची सवय होते’ हे विधान मूठ आणि खटक्यांपुरतं खरं आहे. गोळी सुटल्यानंतर जे घडतं त्याला ते लागू होत नाही.

समजा, तेवढंही चालेल म्हटलं. मग पुढचा प्रश्न बेळ्ळंदूरचा आहे : हे ‘खरं पिस्तूल’ आपल्या मुलाच्या हातात येणार कधी?

भारतात सैन्याची 9 मिलिमीटरची काडतुसं चालवणारी पिस्तुलं प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. .45 चं 1911 घेऊन रविवारी सकाळी रेंजवर जाणं बंगळुरूच्या सामान्य खेळाडूच्या वाट्याला येणारं नाही. .22 प्रतिबंधित नाही, पण त्यालाही परवाना लागतो आणि या शहरात तो पोलीस आयुक्तांकडून घ्यावा लागतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आली. खेळाडूंना केंद्र सरकारने वेगळी सवलत दिली आहे, पण ती त्यांच्या दर्जानुसार मिळते आणि दर्जा स्पर्धेतल्या गुणांवर ठरतो. नवशिक्याच्या घरात परवान्यावरची एकेक जागा मोलाची असते. त्या जागेवर आपण अशा पिस्तुलाची नक्कल आणून बसवायची की ज्याचं मूळ आपल्याला कधी मिळणारच नाही, हा व्यवहार मला कोणत्याही बाजूने पटत नाही.

आमच्या स्नेह्यांचा सल्ला जिथे शंभर टक्के बरोबर आहे, ती जागाही सांगतो. अमेरिकेत ‘बुल्सआय’ नावाची जुनी स्पर्धा आहे. तिच्यात एकच नेमबाज .22, मग सेंटरफायर आणि मग .45 अशा तीन टप्प्यांत प्रत्येकी 900, एकूण 2700 गुणांसाठी खेळतो. तिथे तिन्ही टप्प्यांत मूठ, ट्रिगर आणि नेमाची माशी एकसारखी असणं हा मोठा फायदा आहे, म्हणूनच तिथले कितीतरी नेमबाज 1911 च्या सांगाड्यावर .22 चा संच चढवून वापरतात. आपले स्नेही त्या मातीत शिकले. तिथलं शहाणपण त्यांनी जसंच्या तसं बेळ्ळंदूरला आणलं, पण सोबत ती स्पर्धा काही आली नाही.

इथल्या मुलासमोर कोणती स्पर्धा आहे? जिल्हा, राज्य, मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय, आणि नशिबाने साथ दिली तर पुढे जग. या वाटेवर .22 च्या पिस्तुलाला 25 मीटरवर उभं राहावं लागतं. एक हात मोकळा, दुसऱ्या हातात पिस्तूल. ट्रिगरचं वजन किमान 1000 ग्रॅम, पिस्तुलाचं जास्तीत जास्त 1400 ग्रॅम. 25 मीटर पिस्तूलमध्ये 30 गोळ्या संथ, आणि 30 गोळ्या अशा की हात 45 अंशांत खाली ठेवायचा, लक्ष्य तीन सेकंदांसाठी समोर आलं की उचलायचा, एक गोळी सोडायची आणि पुन्हा खाली आणायचा.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने याच प्रकारात 2013 मध्ये चांगवॉनला विश्वचषकातलं सुवर्ण जिंकलं. पिस्तूल प्रकारातलं भारताचं ते पहिलं विश्वचषक सुवर्ण. 2018 च्या आशियाई स्पर्धेत तिची आणि थायलंडच्या खेळाडूची बरोबरी झाली, शूटऑफमध्ये पुन्हा बरोबरी झाली, आणि दुसऱ्या शूटऑफनंतर सुवर्ण राहीला मिळालं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. अशा निकालाचा फैसला एखाददुसऱ्या गोळीवर होतो. तिथवर पोहोचायची इच्छा असलेल्या मुलीच्या हातात पहिल्या दिवसापासून काय असावं, याचा विचार त्या तीन सेकंदांपासून सुरू करायला हवा.

आता पिस्तुलाकडे जवळून पाहू, कारण वादाचा खरा निकाल तिथेच लागतो.

माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर 1911 मध्ये साधारण 165 मिलिमीटर असतं. स्पर्धेचे नियम 220 मिलिमीटरपर्यंत परवानगी देतात आणि स्पर्धेची पिस्तुलं तिचा बहुतेक सगळा फायदा घेतात. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर 25 मीटरवर 1911 ची गोळी सुमारे 15 सेंटिमीटर भरकटते आणि 220 मिलिमीटरवाल्याची 11 सेंटिमीटर. संथ टप्प्याच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे मधून 25 मिलिमीटर. आखूड पिस्तुलावर दहात राहायचं तर चुकीला 0.16 मिलिमीटरची मुभा, लांबवर 0.22 ची. हा फरक मुलाच्या मेहनतीने भरून निघणारा नाही. त्याने दोन्हीकडे सारखाच घाम गाळला तरी एकीकडे त्याला आठ दिसणार आणि दुसरीकडे नऊ, आणि आपण कुठे चुकलो हे आखूड पिस्तुलावर त्याला नीट कळणारही नाही.

मग मूठ. 1911 चं मॅगझिन मुठीच्या पोटात असतं. त्यामुळे मुठीची जाडी, रुंदी आणि कोन मॅगझिनने ठरवलेला असतो. हाताने ठरवलेला नसतो. पार्दिनी एसपी किंवा वॉल्थर जीएसपी हातात घेऊन बघा : मॅगझिन ट्रिगरच्या पुढे बसतं, मूठ रिकामी होते, आणि ती अक्रोडाच्या लाकडात हव्या त्या आकाराची करता येते. तळहाताखाली सरकवता येणारी फळी, अंगठ्यासाठी कट्टा, बोटांसाठी खोबणी. नळीही हाताच्या जितकी जवळ आणता येईल तितकी खाली आणलेली असते, म्हणजे धक्का सरळ मागे मनगटात जातो आणि पुढच्या गोळीसाठी माशी लवकर जागेवर येते.

शहरातल्या एका रेंजवर पंधरा वर्षांच्या एका मुलीला अशा प्रतिकृतीवर सराव करताना मी पाहिलं आहे. तिची बोटं आखूड होती. ट्रिगरपर्यंत पोहोचायला तिने हात मुठीभोवती किंचित फिरवला, तर पिस्तूल मनगटाच्या रेषेतून बाहेर गेलं आणि माशी खाचेत डावीकडे दिसू लागली. ती मनगट वळवून माशी मधे आणायची. ट्रिगरवर जेमतेम टोक पोहोचलेलं बोट पिस्तुलाला बाजूला ढकलायचं. गोळ्या डावीकडे खाली एका झुबक्यात जात होत्या. झुबका लहान होता, म्हणजे मुलीकडे स्थैर्य होतं. नेम मात्र पिस्तूल बिघडवत होतं. प्रशिक्षकांनी तिला रेंजवरचं स्पर्धेचं पिस्तूल दिलं. मूठ मोठी होती, म्हणून तर्जनीच्या मुळाशी लाकूड कानशीने घासलं, तळव्याच्या खळग्यात लांबी भरली, सुकू दिली, पुन्हा घासली. मग तिला डोळे मिटून हात उचलायला सांगितलं आणि डोळे उघड म्हणाले. माशी खाचेच्या मधोमध होती. मनगट वळवावं लागलं नाही. एका दिवसात गुण वाढले असा दावा मी करत नाही, पण त्या दिवसापासून ती पिस्तुलाशी झगडायची थांबली आणि नेमबाजी शिकू लागली. प्रतिकृतीवर ही कानस चालवायला जागाच नसते.

काडतुसांचंही तेच. साध्या ब्लोबॅकच्या प्रतिकृती बहुतेकदा जास्त वेगाच्या काडतुसांवर नीट चालतात. स्लाइड पूर्ण मागे जाण्यासाठी तेवढा जोर लागतो. आपल्याकडे खेळाडूंच्या वाट्याला येतात ती बहुतांशी आयात केलेली स्पर्धेची काडतुसं. ती मुद्दाम संथ वेगाची असतात, कारण अचूकतेला तेच मानवतं. संथ काडतूस आणि हट्टी स्लाइड एकत्र आली की रिकामी पुंगळी दारात अडकते, पुढचं काडतूस चढत नाही, आणि तीन सेकंदांच्या टप्प्यात मूल खटके ओढत उभं राहतं. नियम अशा बिघाडाला फार थोडी सवलत देतात. घरच्या सरावातही मुलाचं लक्ष माशीवरून उडून ‘आता अडकेल का’ या भीतीवर जातं. वर्षभर ही भीती बाळगून सराव केला, तर हाताला तिचीच सवय लागते.

आमच्या स्नेह्यांचा आवडता मुद्दा म्हणजे जड ट्रिगर. जडावर शिकलास की हलकं सोपं, असं ते सांगतात. ऐकायला पटतं. प्रत्यक्षात दोन किलोच्या आसपासच्या ट्रिगरवर नवशिक्याचा हात लांबवर स्थिर राहत नाही. माशी क्षणभर मधे आली की तो बोट झटकतो, कारण पुन्हा ती मधे कधी येईल याचा भरवसा नसतो. हा झटका हे पिस्तूल नेमबाजीतलं सगळ्यात चिवट व्यसन आहे. एकदा जडलं की सुटायला वर्षं जातात. स्पर्धेच्या ट्रिगरमध्ये पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा वेगळा जाणवतो. बोट पहिल्या टप्प्यावर दाब घेऊन थांबतं आणि डोळा माशीवर असताना उरलेला दाब हळूहळू वाढवत नेतं. हे कौशल्य जड ट्रिगरवर ओझं उचलून येत नाही. ज्या ट्रिगरवर परीक्षा आहे, त्याच ट्रिगरवर ते बसवावं लागतं.

आता वारशाबद्दल. मी त्याची थट्टा करणार नाही, कारण जुन्या कारागिरीबद्दलचं प्रेम ही चांगलीच गोष्ट आहे. 1911 ही यंत्ररचनेतली मोठी कामगिरी आहे. पण आपण मुलाला कशाचा वारस करतो आहोत, हे पालकांनी स्पष्ट ठरवायला हवं. त्या पिस्तुलाची कीर्ती युद्धांतून आणि सिनेमांतून आली. तिच्या मोहाने हातात पिस्तूल घेणारं मूल आधी शस्त्र बघतं, खेळ नंतर. आपल्याकडे या खेळाची परंपरा वेगळी आहे. 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा पुढाकार दादासाहेब मावळंकरांचा होता. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास भोगलेले हे वकील, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. बेळ्ळंदूरचं मूल आज राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर जी मावळंकर स्पर्धा खेळतं, ती त्यांच्याच नावाची. मराठी मुलाला अभिमान हवाच असेल तर तो इथून द्या, राही सरनोबतकडून द्या, 2010 मध्ये रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झालेल्या तेजस्विनी सावंतकडून द्या. सोसायटीत शेजारी राहतात, लिफ्टमध्ये लहान मुलं भेटतात. कुलूपबंद पेटीत स्पर्धेचं साधन घेऊन जाणारा खेळाडू आणि नावाजलेल्या युद्धशस्त्राची हुबेहूब नक्कल मिरवणारा पोरगा, यांतलं कोणतं चित्र आपल्याला वाढवायचं आहे, हेही पिस्तूल निवडतानाच ठरतं.

कोल्हापूरच्या तालमीत मातीला पूजनीय मानतात, तरीही ज्याला ऑलिंपिकची कुस्ती लढायची आहे त्याला मॅटवरच घाम गाळावा लागतो. मातीबद्दलचा आदर त्याने कमी होत नाही. 1911 बद्दलचा आदर असाच ठेवावा. सराव तिथे करावा, जिथे लढत होणार आहे.

सगळ्यात मजबूत मुद्दा मी शेवटी घेतो, कारण त्यावर मी आमच्या स्नेह्यांशी पूर्ण सहमत आहे. सरावाचं लहान पिस्तूल मुख्य पिस्तुलासारखंच असावं, हे तत्त्व सोळा आणे खरं आहे. फरक एवढाच, की हे तत्त्व त्यांच्या सल्ल्याच्या विरुद्ध जातं. आपल्याकडे .22 च्या पुढचं स्पर्धेचं पिस्तूल म्हणजे 25 मीटर सेंटरफायर. दोहाच्या 2006 च्या आशियाई स्पर्धेत जसपाल राणांनी अंगात ताप असताना 590 गुण मारून विश्वविक्रमाशी बरोबरी केली, ती याच प्रकारात. या प्रकारात .32 वॅडकटर काडतुसं चालवणारी पिस्तुलं वापरतात, आणि वॉल्थरच्या जीएसपीसारख्या पिस्तुलात तीच मूठ आणि तोच सांगाडा ठेवून .22 आणि .32 अशी दोन्ही रूपं मिळतात. मोठ्या पिस्तुलाच्या धर्तीवरचं लहान पिस्तूल हवं असेल, तर ते हे आहे. 1931 मध्ये कोल्टने जे सैनिकासाठी केलं, ते खेळाडूसाठी या लोकांनी केलं.

पिस्तूल स्पर्धेच्या मागे जातं, याचा पुरावा जागतिक नेमबाजीतच आहे. 2004 पर्यंत रॅपिड फायरमध्ये .22 शॉर्ट काडतूस चालायचं आणि त्यासाठी खास पिस्तुलं होती. 2005 पासून नियम बदलले, .22 लाँग रायफल आणि 1000 ग्रॅमचा ट्रिगर आला. जगातल्या उत्तमोत्तम नेमबाजांनी प्रेमाने जपलेली पिस्तुलं कपाटात ठेवली आणि नवी हातात घेतली. 2012 मध्ये लंडनला विजय कुमारांनी याच बदललेल्या नियमांत रौप्य जिंकलं.

स्पर्धेची पिस्तुलं निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. टोकियोत 2021 मध्ये मनू भाकरच्या एअर पिस्तुलाने दगा दिला, मोलाची मिनिटं गेली, आणि 575 गुणांवर तिची अंतिम फेरी थोडक्यात हुकली. ही पिस्तुलं महागही आहेत. नोकरदार घराला तो खर्च सहज पेलत नाही. पण महाग आहे म्हणून चुकीची वस्तू घेणं ही काटकसर नव्हे. त्यावर उपाय वेगळे आहेत आणि ते परवडणारे आहेत.

पहिला उपाय घाई न करण्याचा. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल या मर्यादेच्या खूप आत बसतं. होल्ड, ट्रिगरचे दोन टप्पे, गोळी सुटल्यावरही माशी बघत राहणं, हे सगळं दहा मीटरवर पक्कं होतं. दहा मीटरला मुलाचे गुण टिकून चढत नाहीत, तोवर .22 ची खरेदी पुढे ढकला.

दुसरा उपाय म्हणजे रेंजवरचं पिस्तूल. क्लबचं स्पर्धेचं पिस्तूल हंगामभर वापरा, मूठ कोणत्या मापाची लागते ते शोधा, मगच स्वतःच्या परवान्याचा विचार करा. वरिष्ठ खेळाडू नवं पिस्तूल घेतात तेव्हा जुनं विकायला काढतात. नियमाप्रमाणे परवान्यावर नोंद करून घेतलेलं जुनं पार्दिनी कोऱ्या प्रतिकृतीपेक्षा कितीतरी पटींनी उपयोगी आहे.

तिसरा उपाय घरचा : कोऱ्या भिंतीसमोर रोज थोडा वेळ ड्राय फायर. खोलीत एकही काडतूस ठेवायचं नाही, पिस्तूल रिकामं आहे हे मोठ्या माणसाने तपासायचं. .22 रिमफायरमध्ये रिकाम्या घरावर फायरिंग पिन आपटून इजा होऊ शकते, म्हणून पिस्तुलात तशी सोय नसेल तर आत डमी काडतूस घालायचं. या सरावाला पैसे लागत नाहीत आणि आवाज होत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रारही येत नाही.

पिस्तूल घेताना प्रश्न या क्रमाने विचारा. मूल कोणती स्पर्धा खेळणार आहे? त्या स्पर्धेचे नियम काय मागतात? मूठ त्याच्या हातावर बसवता येते का? आपल्याला मिळणाऱ्या काडतुसांवर ते न अडकता चालतं का? बंगळुरूत त्याची दुरुस्ती आणि सुटे भाग मिळतील का? या पाचही प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर ते कुणासारखं दिसतं याकडे खुशाल बघा. आमच्या स्नेह्यांचा सल्ला या शेवटच्या, दिसण्याच्या मुद्द्यापासून सुरू होतो, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

त्यांना माझी विनंती आहे. त्यांच्याकडे शिस्त आहे, सुरक्षिततेच्या सवयी आहेत, एका जागी तासन्‌तास उभं राहून मुलाच्या मनगटाकडे बघत राहण्याचा संयम आहे. हे सगळं आमच्या मुलांना हवं आहे. त्यांनी रविवारी रेंजवर यावं आणि स्पर्धेच्या पिस्तुलावर ते शिकवावं. आणि ज्या पालकांनी प्रतिकृतीसाठी चौकशी सुरू केली आहे, त्यांनी ती आजच थांबवावी. परवान्यावरची जागा राखून ठेवा, पैसे राखून ठेवा, मुलाला अजून एक हंगाम एअर पिस्तूल खेळू द्या. त्याच्या हाताने आणि त्याच्या स्पर्धेने मागितलेलं पिस्तूल घ्यायला एक वर्ष उशीर झाला, तरी त्याचं काही बिघडणार नाही.